जेनकिन्सच्या प्लगइनमधला एक्सएसएस: सर्व्हर आतल्या नेटवर्कवर आहे म्हणून सोडून द्यायचा का?

शाहूपुरी_बिल्ड

मंडळी, नमस्कार. आमची शाहूपुरीत छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्र्या. हीट नंबर, मोल्डिंगची शिफ्ट, रिजेक्शन असला सगळा हिशोब ठेवणारी प्रणाली आम्ही बनवतो आणि बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं) जेनकिन्सवर, म्हणजे ते काम आपोआप करणाऱ्या सर्व्हरवर, चालतात.

एका गिऱ्हाइकानं (नाव नको) पुरवठादारांचं सिक्युरिटी ऑडिट करून घेतलं, त्यात आम्हीही आलो. अहवालात आमच्या प्लगइनची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढं एकच शेरा: स्टोअर्ड क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, म्हणजे एक्सएसएस (कुणीतरी पेरून ठेवलेली स्क्रिप्ट पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणं). जेयुनिट, गिट, एक्स्टेंडेड चॉइस पॅरामीटर, बिल्ड मॉनिटर व्ह्यू, सगळे त्यात.

माझा घोळ असा. ऑडिटवाल्यानं बहुतेकांना दहापैकी ५.४ म्हणजे 'मीडियम' दिलंय. जेनकिन्सच्या साइटवरच्या सिक्युरिटी निवेदनात मात्र त्याच गोष्टीला 'हाय' म्हटलंय. एकाच दोषाला दोन माप कसं? आमचे साहेब म्हणतात, "सर्व्हर ऑफिसबाहेरून दिसतच नाही, कोण येणार हल्ला करायला? पॉपअप दाखवण्यापलीकडं काय होतं त्यानं?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय काही प्लगइनपुढं 'दुरुस्ती उपलब्ध नाही' असं लिहिलंय. त्यांचं काय करायचं?

---

फौंड्रीवाला

साहेबांचं बरोबर आहे. चालत्या गाडीला खीळ घालू नका. आमच्याकडं एकदा जेनकिन्स वर न्यायला घेतला तर त्याला जावा ११ पाहिजे झालं. ते ठरवेतोवर जावा १७ पाहिजे. प्लगइन एकमेकांवर अवलंबून, एक ओढलं की दहा निघतात. रिलीज अडकलं आणि प्लांटचा फोन सुरू. ऑडिटवाले पीडीएफ देऊन मोकळे होतात, निस्तरायचं आपण.

---

टाकाळा९

साहेबांना म्हणावं, पॉपअप फक्त डेमोसाठी असतो. विषय हार्ड आहे.

---

वडणगे_जावा

जरा सविस्तर लिहितो, कारण दोन आकड्यांच्या प्रश्नातच सगळं उत्तर आहे.

साध्या वेबसाइटवर एक्सएसएस झाला तर हल्लेखोराची स्क्रिप्ट दुसऱ्या वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या नावानं चालते. त्याचं खातं गेलं, थोडा डेटा गेला. एनव्हीडीवाले (दोषांची अमेरिकी सरकारी नोंदवही) साधारण असं धरून गुण देतात, म्हणून ५.४. जेनकिन्सची सिक्युरिटी टीम वेगळं धरते: तो दुसरा वापरणारा अ‍ॅडमिन असेल तर काय? जेनकिन्सच्या अ‍ॅडमिनकडं स्क्रिप्ट कन्सोल असतो. त्यात लिहिलेला ग्रूव्ही कोड थेट कंट्रोलरच्या (जेनकिन्सच्या मुख्य सर्व्हरच्या) प्रोसेसमध्ये चालतो. तिथून फाइली वाचता येतात, साठवलेली क्रेडेन्शियल्स उलगडता येतात, कुठलाही जॉब बदलता येतो. म्हणून गोपनीयता, अखंडता, उपलब्धता तिन्हींना 'हाय' आणि एकूण गुण ८.०. दोष तोच, मोजणाऱ्यानं शेवट कुठं गृहीत धरला एवढाच फरक. तुमच्यासाठी जेनकिन्सचा आकडा खरा माना, कारण तुमच्या सर्व्हरवर काय काय ठेवलंय ते तुम्हाला माहीत आहे: गिटची टोकन, प्लांटच्या सर्व्हरच्या एसएसएच किल्ल्या, साइनिंगचं सर्टिफिकेट.

आता कुणीतरी म्हणेल, सेशनची कुकी 'एचटीटीपी-ओन्ली' आहे, ती स्क्रिप्टला वाचता येत नाही. बरोबर, पण वाचायची गरजच नाही. स्क्रिप्ट अ‍ॅडमिनच्याच पानावर बसलीय. तिनं विनंती पाठवली की ब्राउझर कुकी आपणहून जोडतो. सीएसआरएफसाठी असलेलं क्रंब (विनंतीसोबत लागणारं गुप्त टोकन)? तेही त्याच पानातून मिळतं. क्रंब दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या विनंत्या अडवतं, घरातल्यांना नाही.

तेव्हा साखळी एवढीच: ज्याला फक्त जॉब कॉन्फिगर करायची परवानगी आहे, किंवा तीही नाही पण टेस्टचा रिपोर्ट त्याच्या हातात आहे, असा माणूस कुठल्यातरी नावात किंवा वर्णनात मार्कअप पेरतो. अ‍ॅडमिन सकाळी चहा घेत ते पान उघडतो. झालं. त्यानं काही क्लिकही करायला नको.

---

शाहूपुरी_बिल्ड

"टेस्टचा रिपोर्ट त्याच्या हातात" म्हणजे नक्की काय? टेस्ट तर आम्हीच लिहितो.

---

वडणगे_जावा

२०२३ च्या फेब्रुवारीत टेस्टचे निकाल दाखवणाऱ्या जेयुनिट प्लगइनवर सीव्हीई-२०२३-२५७६१ आला (सीव्हीई म्हणजे दोषाचा जाहीर नोंद क्रमांक). टेस्ट केसच्या क्लासचं नाव प्लगइन एका जावास्क्रिप्टच्या वाक्यात तसंच्या तसं टाकत होतं. क्लासचं नाव कुठून येतं? बिल्डनं तयार केलेल्या एक्सएमएल फाइलमधून. ती फाइल बनवतो बिल्डमधला कोड. म्हणजे ज्याला ब्रँचवर काहीही ढकलता येतं, कंत्राटी डेव्हलपर असो की इंटर्न, त्याच्या हातात ती फाइल आहे. तुम्ही ओढलेली एखादी लायब्ररी बिघडलेली निघाली तर तिच्याही हातात. जावाच्या क्लासच्या नावात विचित्र चिन्हं बसणार नाहीत असं वाटतं, पण प्लगइन जावाचा क्लास बघत नाही, एक्सएमएलमधला मजकूर बघतं.

त्याच निवेदनात पाइपलाइन बिल्ड स्टेप प्लगइनही होतं, सीव्हीई-२०२३-२५७६२, आवृत्ती २.१८ आणि त्याआधीच्या. तिथं स्निपेट जनरेटरमध्ये (पाइपलाइनचा कोड तयार करून देणारं पान) जॉबचं नाव तसंच जात होतं.

---

पन्हाळा_पायी

शिकतोय म्हणून विचारतो, राग नको. जेनकिन्सची पानं जेलीत (पानं लिहायची एक टेम्प्लेट भाषा) लिहितात ना? आणि जेलीत आपोआप एस्केप होतं, म्हणजे मजकुरातली चिन्हं कोड म्हणून चालणार नाहीत अशी करून छापली जातात, असं वाचलंय. मग इतक्या प्लगइनमध्ये एकच चूक कशी काय?

---

वडणगे_जावा

राग कसला, प्रश्न नेमका आहे.

जेलीच्या फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत 'एस्केप-बाय-डिफॉल्ट ट्रू' अशी सूचना लिहावी लागते. ती असली तर डॉलर-महिरपी कंसातली किंमत एस्केप होऊन छापली जाते. जुन्या प्लगइनच्या फाइलींत ती ओळ नसायची. ती राहिली की पान दिसायला तंतोतंत तेच, टेस्टही पास, आणि दार सताड उघडं. शिवाय कुणी मुद्दाम 'जे आउट' टॅग वापरला तर ती किंमत कच्चीच छापली जाते. फॉर्म तपासणीच्या संदेशांचंही तसंच: 'एरर' नावाची पद्धत एस्केप करते, 'एरर विथ मार्कअप' करत नाही. २०२० मध्ये गिट प्लगइनवर आलेला दोष या फॉर्म तपासणीतलाच, टीएफएसच्या (मायक्रोसॉफ्टचा कोड सर्व्हर) रिपॉझिटरी यूआरएलच्या खान्यातला. चुकीच्या यूआरएलचा संदेश दाखवताना ती यूआरएल एस्केप होत नव्हती.

पण मजेशीर प्रकार वेगळाच आहे, एस्केप होऊनही फुटणारा. समजा जॉबचं नाव एका बटणाच्या ऑनक्लिकमध्ये, जावास्क्रिप्टच्या एकेरी अवतरणात टाकलंय. जेलीनं इमानदारीत नावातल्या अवतरणचिन्हाची एचटीएमएल एंटिटी केली. लेखकाला वाटलं, झालं सुरक्षित. ब्राउझर मात्र अ‍ॅट्रिब्यूट वाचताना आधी एंटिटी उलगडतो आणि मग तो मजकूर जावास्क्रिप्ट इंजिनकडं देतो. म्हणजे अवतरणचिन्ह परत जिथल्या तिथं, आणि त्यापुढचं सगळं कोड म्हणून चालतं. एस्केप एचटीएमएलसाठी केलं, किंमत गेली जावास्क्रिप्टमध्ये. वर सांगितलेले २०२३ चे दोन्ही दोष जावास्क्रिप्टच्या वाक्यात किंमत टाकण्याच्या याच सवयीतले आहेत.

यावर इलाज म्हणजे ऑनक्लिक लिहायचंच नाही. किंमत डेटा-अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवायची, वेगळ्या जेएस फाइलमधून ती वाचायची आणि इव्हेंट तिथूनच जोडायचा. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही हीच सवय लावून घे भावा.

---

फौंड्रीवाला

हे सगळं पटतंय, पण मुद्दा तोच राहतो. हल्लेखोर आमच्या नेटवर्कात येणार कसा? फायरवॉल आहे, व्हीपीएन आहे. बाहेरच्याला लॉगिनचं पानसुद्धा दिसत नाही.

---

टाकाळा९

काका, तुमच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन असतोच की. पण स्क्रॅपच्या ट्रकमधून काय आत आलं ते तो बघतो का? बिल्ड सर्व्हर दिवसभर बाहेरून माल ओढत असतो. रिपॉझिटरी, लायब्ररी, प्लगइन. स्क्रिप्टला आत यायला लॉगिन लागत नाही. ती मालातून येते आणि चालते तुमच्याच अ‍ॅडमिनच्या ब्राउझरमध्ये, जो आधीच फायरवॉलच्या आत बसलाय.

आणि हे नुसतं तोंडी लावायला सांगत नाही. मार्च २०२३ मध्ये 'कोअरप्लेग' नावानं गाजलेलं प्रकरण बघा, सीव्हीई-२०२३-२७८९८. अ‍ॅक्वा सिक्युरिटीच्या संशोधकांनी शोधलेलं. प्लगइन मॅनेजरच्या पानावर "हे प्लगइन तुमच्या आवृत्तीवर चालणार नाही, अमुक आवृत्ती लागेल" असा संदेश येतो ना? त्यातली ती 'अमुक आवृत्ती' एस्केप होत नव्हती. ती आवृत्ती लिहितो प्लगइनचा लेखक. म्हणजे सार्वजनिक अपडेट साइटवर खोडसाळ प्लगइन चढवायचं आणि वाट बघायची. तुमच्या सर्व्हरपर्यंत हल्लेखोराला पोचावंच लागत नाही, प्लगइन इन्स्टॉलही करावं लागत नाही. अ‍ॅडमिननं यादी उघडली की बास. २.२७० ते २.३९३ आणि एलटीएसमध्ये (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांत) २.२७७.१ ते २.३७५.३ एवढ्या आवृत्त्या त्यात सापडल्या. दुरुस्ती २.३९४ आणि २.३७५.४ मध्ये आली.

---

फौंड्रीवाला

हे माहीत नव्हतं. आमचा सर्व्हर त्या पट्ट्यात येतो का बघतो.

---

सुनेत्रा_क्यूए

मी टेस्टिंगच्या बाजूनं बोलते. आमच्याकडं सेलेनियमचे एचटीएमएल रिपोर्ट जेनकिन्समध्ये उघडले की पांढरं पान दिसायचं, ना स्टाइल ना तक्ते. मग कुणीतरी नेटवर वाचून सर्व्हर सुरू करतानाच 'डिरेक्टरी ब्राउझर सपोर्ट'ची सीएसपी (पानात काय चालू द्यायचं ते ब्राउझरला सांगणारे नियम) रिकामी करून टाकली. रिपोर्ट झकास दिसायला लागले आणि सगळे खूश. यानं नुकसान होतं का? कारण ज्यानं त्यानं हाच उपाय सुचवलाय.

---

वडणगे_जावा

होतं, आणि ताई, या धाग्यातली ही सगळ्यात धोक्याची ओळ आहे. प्लगइनमधला दोष निदान कुणाच्या तरी हातून राहून गेलेला असतो. इथं दार स्वतः उघडून ठेवलंय.

डिसेंबर २०१५ मध्ये जेनकिन्सनं (१.६४१, एलटीएस १.६२५.३) वर्कस्पेस, आर्टिफॅक्ट अशा बिल्डमधून आलेल्या फाइली दाखवताना कडक सीएसपी लावायला सुरुवात केली. स्क्रिप्ट बंद, पान सँडबॉक्समध्ये, चित्रं आणि स्टाइल फक्त त्याच सर्व्हरवरून. तुमच्या रिपोर्टमध्ये स्टाइल आणि स्क्रिप्ट पानातच लिहिलेल्या, म्हणून पांढरं पान. सीएसपी रिकामी केली की बिल्डनं तयार केलेलं कुठलंही एचटीएमएल अ‍ॅडमिनच्या सेशनमध्ये पूर्ण ताकदीनं चालतं. मग एक्सएसएस शोधायला प्लगइनमध्ये दोष तरी कशाला हवा?

नीट रस्ता २.२०० पासून उपलब्ध आहे. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये 'रिसोर्स रूट यूआरएल' नावाचा खाना आहे. आतल्या डीएनएसवर त्याच सर्व्हरला दुसरं होस्टनाव द्या आणि ते तिथं लिहा. बिल्डच्या फाइली मग त्या वेगळ्या नावावरून येतात. ब्राउझरच्या दृष्टीनं ती परकी साइट, त्यामुळं रिपोर्टमधली स्क्रिप्ट चालली तरी तिला जेनकिन्सच्या सेशनला हात लावता येत नाही. रिपोर्टही नीट दिसतात.

---

सुनेत्रा_क्यूए

दुसरं होस्टनाव मागायला आयटीला मेल टाकते. सहा सह्या लागतील, पण टाकते.

---

टाकाळा९

एक उलटा प्रश्न मीच टाकतो, कारण ऑडिटवाले हा विचारत नाहीत. बिल्ड चालवू शकणारा माणूस कोड तर आधीच चालवू शकतो. मग त्याला एक्सएसएस कशाला पाहिजे?

उत्तर तुमच्या मांडणीवर आहे. बिल्ड वेगळ्या एजंटवर (कंट्रोलरसाठी बिल्ड चालवणारं दुसरं मशीन) चालत असतील तर त्याचा कोड एजंटवर अडकतो, आणि कंट्रोलरवर पोचायला त्याला एक्सएसएसचा उपयोग होतो. पण बिल्ड कंट्रोलरवरच, म्हणजे 'बिल्ट-इन नोड'वर चालत असतील तर एक्सएसएसवर खल करण्यात अर्थच नाही. तो सीक्रेटच्या फोल्डरशेजारीच बसलाय. छोट्या ऑफिसांत एकच मशीन असल्यानं हे सर्रास दिसतं. तेव्हा यादीतली प्लगइन मोजण्याआधी बिल्ट-इन नोडचे एक्झिक्युटर (एकावेळी किती बिल्ड चालतील तो आकडा) शून्यावर आणा. एजंट म्हणून जुना डेस्कटॉपही चालतो.

---

पन्हाळा_पायी

बिल्ड मॉनिटर व्ह्यूचं काय? तो तर फक्त भिंतीवरच्या टीव्हीवर हिरवं-लाल दाखवतो.

---

वडणगे_जावा

मार्च २०२४, सीव्हीई-२०२४-२८१५६. व्ह्यूचं नाव एस्केप होत नव्हतं. आता टीव्हीवर कुठल्या खात्यानं लॉगिन केलंय ते जाऊन बघा. बऱ्याच ऑफिसात अ‍ॅडमिनच असतो, कारण बसवला त्या दिवशी तेच हाताशी होतं. चोवीस तास उघडं असलेलं अ‍ॅडमिनचं ब्राउझर, ज्याच्यापुढं माणूसच बसलेला नाही. हल्लेखोराला आणखी काय पाहिजे?

---

शाहूपुरी_बिल्ड

आत्ता बघून आलो. आमच्या टीव्हीवर अ‍ॅडमिनच आहे.

---

टाकाळा९

नाद खुळा.

---

धागा_समन्वयक

मिसळीची चर्चा दुसऱ्या धाग्यावर हलवली आहे. इथं विषयाला धरून राहावं ही विनंती.

---

उजळाईवाडी_ऑप्स

मूळ प्रश्नातला शेवटचा भाग राहिलाच: दुरुस्ती नसलेली प्लगइन.

जेनकिन्सची टीम निवेदन काढते तेव्हा काही प्लगइनपुढं 'सध्या दुरुस्ती नाही' असं स्पष्ट लिहिते. प्लगइन हजारोंनी आहेत, बरीचशी एकट्या माणसानं फावल्या वेळात लिहिलेली. तो माणूस नोकरी बदलतो, विषय सोडतो, पुढं सांभाळायला कुणी नसतं. एक्स्टेंडेड चॉइस पॅरामीटर यातलंच. मार्च २०२२ च्या निवेदनात त्यातला रेडिओ बटण आणि चेकबॉक्सच्या किमती-वर्णनांचा दोष आला, तेव्हा दुरुस्ती नव्हती. पुढच्याच महिन्यात पॅरामीटरचं नाव आणि वर्णन एस्केप न करणाऱ्या प्लगइनची मोठी यादी आली, त्यातही ते होतं.

त्या एप्रिलच्या यादीबद्दल एक सांगतो, ऑडिटवाल्याशी बोलताना कामाला येईल. 'बिल्ड विथ पॅरामीटर्स' आणि 'पॅरामीटर्स' ही कोअरची (मूळ जेनकिन्सची) दोन पानं २.४४ पासून (एलटीएस २.३२.२) अशी बांधली आहेत की पॅरामीटर प्लगइनमधला या प्रकारचा दोष तिथं चालत नाही. धोका उरतो तो पॅरामीटर स्वतःच्या पद्धतीनं दाखवणाऱ्या इतर प्लगइनच्या पानांवर. म्हणजे यादीत नाव आलं म्हणून प्रत्येक ओळ सारखीच जळती नाही. मार्चचा एक्स्टेंडेड चॉइसचा दोष मात्र यात धरू नका, तो वेगळा आहे.

पर्याय म्हणून लोक अ‍ॅक्टिव्ह चॉइसेस सुचवतात. चांगलं आहे आणि सांभाळलं जातं, पण त्यालाही २०२१ मध्ये एक्सएसएसच्या दुरुस्त्या घ्याव्या लागल्या आहेत. फरक हाच की तिथं दुरुस्ती आली. प्लगइन निवडताना दोष कधी सापडला नाही यापेक्षा सापडल्यावर कुणी दुरुस्त करतंय का ते मी बघतो. प्लगइनच्या पानावर 'दत्तक द्यायचे आहे' असं लेबल दिसलं तर नव्या कामात ते घेऊ नका. आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा प्लगइन लागतच नाही. कुणीतरी कधीतरी करून बघायला टाकलेलं असतं आणि ते काढायची कुणाची छाती होत नाही.

---

फौंड्रीवाला

आमच्यात सात-आठ तसली निघतील. काढून बघायचं म्हणजे रविवार घालवायचा.

---

उजळाईवाडी_ऑप्स

आधी 'डिसेबल' करा काका. फाइल जागेवर राहते, रीस्टार्टनंतर प्लगइन चढत नाही. आठवडाभर कुणी ओरडलं नाही तर काढा. जेनकिन्स होमचा बॅकअप मात्र आधी.

---

शाहूपुरी_बिल्ड

एक कायद्याचा प्रश्न. ऑडिटवाल्यानं 'सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) सहा तासांत कळवणे' असंही एक वाक्य टाकलंय. साहेब घाबरलेत.

---

टाकाळा९

ते २८ एप्रिल २०२२ चे निर्देश. सहा तासांची मुदत सायबर घटनेसाठी आहे, म्हणजे कुणी घुसलं, काही पळवलं, असं लक्षात आल्यापासून. सर्व्हरवर जुनं प्लगइन सापडलं म्हणजे घटना नव्हे. लॉग बघा, स्क्रिप्ट कन्सोल कुणी अनपेक्षित वापरलाय का, अ‍ॅडमिनच्या नावानं न ओळखणारे जॉब बदललेत का. तसं काही दिसलं तर मात्र साहेबांना विचारत बसू नका, लगेच कळवा.

---

शाहूपुरी_बिल्ड

सगळ्यांचे आभार. झालं तेवढं लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

लॉगमध्ये वावगं काही सापडलं नाही. टीव्हीला फक्त वाचायची परवानगी असलेलं वेगळं खातं केलं. माझंही खातं आता साधं आहे, अ‍ॅडमिनचं वेगळं, तेही वेगळ्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये. बिल्ट-इन नोडचे एक्झिक्युटर शून्य केले, हिशोब विभागात पडून असलेलं एक मशीन एजंट म्हणून मिळालं. जेयुनिट, गिट, बिल्ड स्टेप वर नेले. कोअर वर न्यायला नवा जावा लागणार, ते दिवाळीच्या शटडाऊनमध्ये, कारण तेव्हा प्लांट बंद असतात.

एक्स्टेंडेड चॉइस वापरणारा एकच जॉब निघाला. गिऱ्हाइकाचा प्लांट निवडायचा एवढंच त्यात होतं. जेनकिन्सच्या आपल्या साध्या चॉइस पॅरामीटरमध्ये तो बसला आणि प्लगइन डिसेबल केलं.

साहेबांना वडणगेकरांचा पहिला प्रतिसाद छापून दिला. त्यांनी एकच विचारलं: "साइनिंगचं सर्टिफिकेटसुद्धा त्याच मशीनवर आहे?" आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी एजंटसाठी नव्या मशीनचं कोटेशन मागवायला सांगितलं.

---

फौंड्रीवाला

आमचा सर्व्हर २.३४६ निघाला. म्हणजे कोअरप्लेगच्या पट्ट्यात. जावा अजून ८ आहे. कोटेशन कुठून घेतलं ते व्यनि करा.